मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा

ज्युदो म्हटले की जिगोरो कानो आणि तायक्वांदो म्हटले की कोरियाचे जनरल चोई हाँग ही ही नावे जगभर घेतली जातात. महाराष्ट्राच्या मातीतील मल्लखांबाला नवजीवन देणाऱ्या बाळंभटदादा देवधरांचे नाव मात्र आखाड्यांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

मल्लखांब त्याआधीही होता. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आढळतो. पुढे ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत हैदराबादहून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पुण्यात आले व त्यांनी दरबारातील मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी विडा उचलला आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली.

ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे त्यांनी देवीची उपासना केली. झाडांवर लीलया वावरणाऱ्या वानरांच्या हालचाली पाहून त्यांना लाकडी खांबावरील पकडी सुचल्या, असे आखाड्यांची परंपरा सांगते. श्रद्धाळू मंडळी हा मारुतीचाच दृष्टान्त मानतात. मुदत संपताच बाळंभट पुण्यास परतले. त्यांनी गुलाबला चीत केले. ते पाहून अलीने कुस्तीच नाकारली.

सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल चोळून त्यावर अढी घालायची, म्हणजे निसटत्या प्रतिस्पर्ध्याला हातापायांच्या विळख्यात धरण्याचाच तो सराव. त्यात पकड, चपळाई आणि तोल एकाच वेळी कसाला लागतात. कुस्तीला पूरक असलेल्या या व्यायामातूनच पुढे दसरंग, फरारे, सुईदोरा, ताजवे असे प्रकार रूढ झाले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव सालिना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास राहू लागले. आश्रयदात्याचे राज्य गेले, तरी बाळंभटांची विद्या पोरकी झाली नाही. ती त्यांनी शिष्यांच्या हाती सोपवली होती. कोंडभट गोडबोले हे त्यांचे पट्टशिष्य. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनीही ब्रह्मावर्तास मल्लखांबाचे धडे घेतल्याचे परंपरा मानते.

बाळंभटांनी शिकवलेली विद्या गुरूकडून शिष्याकडे, एका आखाड्यातून दुसऱ्या आखाड्यात जात राहिली. विसाव्या शतकात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि १९२५ मध्ये स्थापन झालेले दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या संस्थांनी तिची जोपासना केली. १९८१ मध्ये मल्लखांबाच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली. केवळ एका कुस्तीसाठी साधलेली विद्या स्वतःपुरती न ठेवता बाळंभटदादांनी ती शिष्यांना दिली, म्हणूनच दोन शतकांनंतरही ती टिकून आहे.