बाबासाहेबांचे बिल आणि घरात मार खाणारी बाई

परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण बाईला छळातून सोडवणाऱ्या कायद्यासाठी या महामानवाने मंत्रिपद सोडले, हे आपल्या सभांमधून फार कमी सांगितले जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकले, बॅरिस्टर झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्यांनी महाडला स्त्रीला दासी ठरवणारी मनुस्मृती जाळली. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या बिलाची बाजू घेतली.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. बाबासाहेब हजर होते. पत्नीला घटस्फोटाचा हक्क द्या, बहुपत्नीत्व कायद्याने बंद करा, असे ठराव झाले. विडी कारखान्यांतील बायांच्या हालांवरही ठराव झाला. विड्या वळणाऱ्या गोंदियाच्या मायमाउल्यांनी हा वारसा ओळखावा.

सहा वर्षांनी, १९४८ साली, कायदामंत्री बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल नव्याने मांडले. एकपत्नीत्व, मुलीला वारसा आणि घटस्फोट हे हक्क त्यात होते. क्रूर वागणूक हे घटस्फोटाचे एक कारण होते. सनातन्यांनी सभा-मोर्चे काढून गदारोळ केला. बिलाच्या बाजूने मात्र तेवढी जनता रस्त्यावर उतरली नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळले गेले. बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणे इतरही होती, पण निर्णायक ठरले ते हेच.

१९५२ साली मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. ही सल आपलीही आहे.

पुढे बिलाचे तुकडे करून कायदे झाले. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या विवाह कायद्यात क्रूरतेसाठी फक्त न्यायिक विभक्ततेची सोय ठेवली. घटस्फोटाचे कारण म्हणून ती १९७६ साली आली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्यालाही तेव्हा वीस वर्षे होत आली होती. जनता पाठीशी नसली की कायदा रखडतो, आणि त्याची किंमत बाई अंगावर वळ झेलून देते.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मदतीला संरक्षण अधिकारी, हे सारे त्यात आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकीलही मोफत मिळतो. तरीही घरची भानगड घरात मिटवा, असे सांगणारे पंच आपल्या वस्तीतही आहेत. म्हणून सालेकसा, देवरीपासून तिरोड्यापर्यंत प्रत्येक विहारात, प्रत्येक बचत गटात हा कायदा वाचला गेला पाहिजे. त्याच्या बाजूने पुरुषांनीही उभे राहिले पाहिजे. जयभीम म्हणायला उठणारा हात घरी बायकोवर उठत असेल, तर तो जयभीम खोटा आहे!