रंगाऱ्यांना रसायनशास्त्र शिकवणारा प्राध्यापक

दरवर्षी डिसेंबरात मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन पालघरहून बोईसरला जात असे. औद्योगिक रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात कारखान्याची भेट होती आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आम्हाला हाकेच्या अंतरावर. उमरोळी मागे पडले की बोईसर आलेच.

अशाच एका भेटीत आम्ही रंग तयार करणाऱ्या कारखान्यात उभे होतो. कामगार बर्फाच्या लाद्या फोडून मोठ्या टाकीत ढकलत होते. तिथल्या वयस्कर ऑपरेटरने माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीला सहज विचारले, की हा बर्फ कशासाठी? ती गप्प. आदल्याच आठवड्यात तिने डायझोटायझेशनचे प्रॅक्टिकल केले होते. तापमान ० ते ५ अंश सेल्सियस ठेवावे, असे जर्नलमध्ये सुवाच्य इंग्रजीत लिहिलेही होते. पण जर्नलातले शून्य अंश आणि टाकीतली लादी एकच, हे तिच्या ध्यानात आले नाही. शेवटी दहावीपर्यंत शिकलेल्या त्या ऑपरेटरनेच सांगितले, की माल तापला तर डायझो फुटतो, वायू निघून जातो आणि सगळी बॅच वाया जाते. मुलगी ओशाळली. खरे तर ओशाळायला मी हवे होते, कारण शिकवणारा मी होतो.

परतीच्या गाडीत मला त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर आठवले. सुरत, बडोदे आणि मुंबई ही त्यांच्या आयुष्यातली तीन गावे याच रुळांनी जोडलेली. कितीदा तरी ते आमच्या पालघरवरून गेले असतील.

गज्जरांचा जन्म १८६३ सालचा, सुरतेचा. गज्जर म्हणजे सुतार. ज्या घरात हत्यारे हाताळली जातात, त्या घरातला हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकला आणि बडोदा कॉलेजात त्याच विषयाचा प्राध्यापक झाला. एवढ्यावर थांबता आले असते. त्या काळी प्राध्यापकाची नोकरी म्हणजे जन्माचे कल्याण!

पण तो काळ रंगाऱ्यांच्या दृष्टीने मोठा वाईट होता. मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६९ च्या सुमारास डांबरापासून करून दाखवला होता. पुढे १८९७ साली कृत्रिम नीळही बाजारात आली. पिढ्यान् पिढ्या झाडपाल्याचे रंग उकळणाऱ्या माणसाच्या हाती आता परदेशी डबा आला. आत काय आहे, ते कपड्यावर का बसते आणि का उडते, हे त्याला सांगणार कोण? कॉलेजातल्या पदवीधराला ते ठाऊक होते, पण तो रंगाऱ्याच्या दारात जात नव्हता, आणि गेला असता तरी त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलला असता?

गज्जरांनी ही दरी ओळखली. सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. कापड रंगवणे, छपाई, सुतारकाम, यंत्रकाम, रेखाटन असे विषय तिथे होते आणि शिकवणे देशी भाषेतून. ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही त्यांनी रंगाच्या धंद्यासाठी काढले. (आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकून गेले, हे सिनेमाच्या गप्पा मारताना कुणाला आठवत नाही.) देशी भाषांतून विज्ञानाची पुस्तके तयार व्हावीत, हा ध्यासही त्यांनी घेतला होता. माझ्या मते गज्जरांचे सर्वांत मोठे काम हेच. रसायनशास्त्र अवघड आहे म्हणून नव्हे, तर परक्या शब्दांत कोंडले आहे म्हणून ते कारागिराला परके वाटते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

१८९६ साली ते मुंबईला आले आणि विल्सन कॉलेजात शिकवू लागले. त्याच वर्षी किल्ल्याजवळच्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. ते काम आपले, असे पुढे दामोदर चापेकरांनी सांगितले. गंमत अशी, की तो पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीच दिलेला! डांबर दगडात मुरले होते. आम्लाने घासावे, तर संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, डागाआधी तोच विरघळायचा. भल्याभल्यांनी हात टेकले, तेव्हा गज्जरांनी डाग काढून दाखवला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. चापेकरांच्या बाजूने विचार केला, तर या पराक्रमाचे कौतुक करताना जीभ थोडी अडखळते. पण रसायनशास्त्रज्ञाला डाग दिसला की चैन पडत नाही, हेही खरे.

मोती स्वच्छ करण्याची युक्तीही त्यांनी शोधली आणि तिच्यातून पैसा मिळवला. गिरगावात त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभारली. त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक कंपनी काढली. आज औषधांच्या दुकानात हे नाव दिसते, तेव्हा त्यामागचा मास्तर कुणाला दिसत नाही. १९२० साली गज्जर गेले. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला तो १९३३ साली, म्हणजे त्यांच्यामागे तेरा वर्षांनी.

त्या भेटीनंतर जानेवारीत मी डायझोटायझेशनचे प्रॅक्टिकल पुन्हा लावले. वेळापत्रकात जागा नव्हती, म्हणून रविवारी. फ्रिजमधल्या बर्फाच्या चार खड्यांऐवजी सातपाटीहून, मासळीसाठी वापरतात तसल्या बर्फाची लादी गोणपाटात बांधून आणली. फोडायला तीच मुलगी पुढे झाली. निम्मा बर्फ फरशीवर गेला, प्रयोगशाळेच्या शिपायाने कुरकुर केली. तिने थेंबाथेंबाने सोडियम नायट्राइट सोडले, थर्मामीटरवरची नजर हलवली नाही. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा झाला. मग बीटा-नॅफ्थॉलमध्ये भिजवलेली चिंधी बुडवली, तर ती शेंदरी-लाल होऊन वर आली. काय घडले ते तिने वर्गाला आधी मराठीत सांगितले आणि मगच जर्नल उघडले.