दादाभाई पार्लमेंटात

मुंबईतील एका गरीब पारशी धर्मगुरूच्या घरी ४ सप्टेंबर १८२५ रोजी दादाभाई नौरोजी यांचा जन्म झाला. ते अवघे चार वर्षांचे असताना वडील निवर्तले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या. परंतु मुलाने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा निर्धार होता. त्या काळी ज्या शाळेत दादाभाई गेले तेथे फी द्यावी लागत नसे. फी असती तर आपले शिक्षण झालेच नसते, याची जाणीव त्यांनी जन्मभर बाळगली. ज्या जनतेच्या पैशाने आपण शिकलो तिचे ऋण आपल्यावर आहे, असे ते मानीत. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात ते गणित आणि सृष्टिविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तोवर त्या विद्यालयात हे पद कोणाही हिंदी माणसाला मिळाले नव्हते. दादाभाईंना ते वयाची तिशी उलटण्यापूर्वीच मिळाले.

इतक्या मानाची जागा सोडून १८५५ साली ते कामा आणि कंपनी या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. अफू आणि दारू यांच्या व्यापारातील नफा त्यांच्या मनाला रुचेना. म्हणून थोड्याच वर्षांत ते त्या पेढीतून बाहेर पडले व त्यांनी कापसाचा स्वतःचा व्यापार सुरू केला. तथापि त्यांचे खरे लक्ष व्यापाराच्या वह्यांपेक्षा सरकारी अहवालांत गुंतलेले असे. त्या अहवालांतील आकडे जुळवून त्यांनी असे दाखविले, की हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये आहे आणि देशाची संपत्ती वर्षानुवर्षे विलायतेकडे वाहून जात आहे. सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवावयाचे, ही त्यांची पद्धत होती.

परंतु हे आकडे ऐकणार कोण? १८५८ पासून हिंदुस्थानचा कारभार इंग्लंडच्या मंत्रिमंडळातील भारतमंत्र्यांच्या हाती होता. ते उत्तरदायी होते पार्लमेंटाला. पार्लमेंटातील हाउस ऑफ कॉमन्स हे सभागृह मतदारांनी निवडलेले असे. पण ते मतदार इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड येथील होते. कोट्यवधी हिंदी प्रजेला त्यात एकही मत नव्हते. भारतमंत्र्यांचा पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिला जाई. हिंदुस्थानचा जमाखर्च सभागृहापुढे येई तोही बहुधा अधिवेशनाच्या अखेरीस, बाके रिकामी असताना. सभासदांना तरी दोष का द्यावा? ज्यांच्याकडे मते मागावयास जावयाचे नाही, त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी रात्री जागण्याची सवय लोकप्रतिनिधींना सहसा नसते. म्हणून त्या सभागृहात स्वतःच शिरावयाचे, असे दादाभाईंनी ठरविले.

यात कायद्याची आडकाठी नव्हती. ब्रिटिश राज्यात जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश प्रजाजन मानली जाई, आणि असा पुरुष लंडनमध्ये उमेदवार म्हणून उभा राहू शके. मुंबईत ज्याला राज्यकारभाराविषयी मत देता येत नव्हते, त्याला राज्यकर्त्यांच्या राजधानीत मते मागता येत होती! बंगालचे लालमोहन घोष यांनी १८८५ साली हा प्रयत्न करून पाहिला होता. पण त्यांना अपयश आले. पुढच्याच वर्षी दादाभाई उदारमतवादी पक्षातर्फे लंडनच्या होबर्न विभागातून उभे राहिले. निवडणूक तोंडावर आलेली, मतदार अपरिचित आणि मतदारसंघ हुजूर पक्षाचा बालेकिल्ला. त्यांना १,९५० मते पडली, तर प्रतिस्पर्ध्याला ३,६५१. दादाभाई तेव्हा साठीचे होते. पण ते खचले नाहीत.

१८८८ साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी एडिंबरा येथील भाषणात होबर्नच्या त्या निकालाचा उल्लेख केला आणि इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्यास अजून तयार नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढले. इंग्लंडातील अनेक वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. दादाभाईंचा वर्ण खुद्द पंतप्रधानांपेक्षा उजळ आहे, अशी थट्टाही झाली. जे नाव चार लोकांना ठाऊक होते, ते एका आठवड्यात देशभर पोहोचले. अपमान करणाऱ्याने नकळत केलेला हा उपकारच म्हणावा लागेल!

आता दादाभाईंनी मध्य फिन्सबरी हा लंडनचा मतदारसंघ निवडला. तेथे क्लार्कनवेलच्या वस्तीत घड्याळे बनविणारे आणि इतर कारागीर राहत असत. प्रतिपक्षाशी लढण्यापूर्वी दादाभाईंना स्वपक्षाशीच लढावे लागले. स्थानिक पक्षातील एका गटाला दुसराच उमेदवार हवा होता. ही ओढाताण निवडणूक जवळ येईपर्यंत चालली. खर्चाचा भारही थोडा नव्हता. निवडणूक भरविण्याचा सरकारी खर्चदेखील त्या काळी उमेदवारांकडूनच वसूल केला जाई, आणि निवडून आलेल्या सभासदाला वेतन नसे. ते १९११ पासून मिळू लागले. मतदानाचा हक्क स्वतःचे घर चालविणाऱ्या किंवा ठराविक भाडे भरणाऱ्या पुरुषांनाच होता. अनेक मजूर आणि सर्व स्त्रिया त्यापासून वंचित होत्या. स्त्रियांनाही हा हक्क मिळावा, असे दादाभाईंचे मत होते. आयर्लंडच्या स्वराज्यालाही त्यांचा पाठिंबा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठबळ दिले. पण कायद्याने त्या स्वतः मत देऊ शकत नव्हत्या.

जुलै १८९२ मध्ये मतदान झाले. १८७२ च्या कायद्याने मतदान गुप्त झालेले होते. त्यामुळे घरमालकाला किंवा कारखानदाराला भाडेकऱ्याचे अथवा कामगाराचे मत समजण्याची सोय उरली नव्हती. सुमारे ५,९०० मते पडली. मोजणी झाली तेव्हा दादाभाई आणि हुजूर पक्षाचे पेंटन यांच्यात फरक निघाला अवघ्या पाच मतांचा! ब्रिटिश पद्धतीप्रमाणे ज्याला सर्वांत अधिक मते तोच विजयी. ती किती अधिक, हा प्रश्न नाही. नौरोजी हे नाव आणि काठावरच्या बहुमताला इंग्रजीत असलेला शब्द यांच्या उच्चारसाम्यावरून विनोदही झाले. पण ते पाच मतदार त्या दिवशी घरी बसले असते, तर विनोदाला जागाच उरली नसती.

पार्लमेंटात आसनस्थ होण्यापूर्वी दादाभाईंनी बायबलऐवजी आपल्या धर्माच्या खोर्देह अवेस्ता या ग्रंथावर शपथ घेतली. ते निवडून गेले फिन्सबरीतून. पण हिंदुस्थानातील लोक त्यांना आपलाच प्रतिनिधी समजू लागले. त्यांनी पहिला मोठा प्रश्न हाती घेतला तो सनदी नोकरांच्या परीक्षेचा. हिंदुस्थानावर अधिकार चालविणाऱ्यांची ही परीक्षा केवळ लंडनमध्ये होई; समुद्र ओलांडून जाण्याइतका पैसा किती हिंदी तरुणांजवळ असणार? परीक्षा एकाच वेळी हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी मांडला व दादाभाईंनी त्यास अनुमोदन दिले. ६७० सभासदांच्या सभागृहात त्या वेळी मते पडली १६०. ठरावाच्या बाजूने ८४, विरुद्ध ७६. सरकारचा विरोध असतानाही ठराव संमत झाला!

हिंदुस्थानात आनंदाची लाट उसळली. परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. कायदा व्हावयाचा तर विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडून त्याला राजसंमती मिळावी लागते. ठरावाने सभागृहाचे मत तेवढे प्रकट होते. त्याप्रमाणे कृती करणे मंत्रिमंडळाच्या हाती. ते मंत्रिमंडळ दादाभाईंच्याच पक्षाचे होते. भारतमंत्र्यांनी ठराव अभिप्रायासाठी हिंदुस्थान सरकारकडे धाडला. मद्रास सोडून एकजात सर्व प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल अभिप्राय दिले, आणि १८९४ साली ठराव बाजूस ठेवण्यात आला. ज्या दारातून जाण्यासाठी दादाभाईंनी इतकी वर्षे वेचली, त्या दाराच्या आत आणखी एक दार होते, ते बंदच राहिले.

१८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पराभूत झाले. गमतीची गोष्ट अशी, की त्याच निवडणुकीत मुंबईचे दुसरे पारशी गृहस्थ, मंचरजी भावनगरी, हुजूर पक्षातर्फे निवडून आले. त्यांची मते दादाभाईंच्या अगदी उलट होती. पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दादाभाईंची नेमणूक झाली. १८९७ साली पुण्याहून आलेल्या तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच आयोगापुढे साक्ष दिली. १९०१ मध्ये दादाभाईंचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते लंडनमधील उत्तर लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. या वेळी त्यांनी परीक्षेची किंवा नोकऱ्यांचीच नव्हे, तर स्वराज्याची मागणी केली.

३० जून १९१७ रोजी मुंबईत दादाभाईंचे निधन झाले. सनदी नोकरांची परीक्षा हिंदुस्थानात प्रथम घेतली गेली ती १९२२ साली, अलाहाबाद येथे.