सोफस ली: कैदेतही न थांबलेलं गणित

नॉर्वेचे गणिती सोफस ली १८४२ साली जन्मले. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, तेव्हा ते फ्रान्समधून पायी इटलीला निघाले. वाटेत फ्रेंचांनी जर्मन हेर समजून पकडलं. कागदांवरची गणितं त्यांना गुप्त संदेश वाटली! महिनाभराच्या कैदेतही ली गणितच करत राहिले.

वर्तुळ कितीही फिरवा, तसंच दिसतं. अशा सममितीचं गणित त्यांनी पुढे उभं केलं. आज त्यालाच ली ग्रुप, ली अल्जेब्रा म्हणतात. १८९९ मध्ये ते वारले.

१९६१ मध्ये गेल-मान आणि नेमन यांनी त्याच गणिताने सूक्ष्म कणांची मांडणी केली. त्यात एक जागा रिकामी होती. तिथला ओमेगा-मायनस कण १९६४ मध्ये सापडला.

वर्गात मुलं विचारतात, सर, याचा उपयोग काय? मी लींची गोष्ट सांगतो. इल्म वाया जात नाही.