दिशा न सोडणारा लंबक

आज इकडे, उद्या तिकडे असे ज्याचे मन, त्याचा अगदी लंबक झालाय, असे आपण सहज म्हणून जातो. लंबक म्हणजे चंचलपणा, हे आपल्या बोलण्यात पक्के बसले आहे. लेआँ फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाचे आयुष्य पाहिले, की मात्र ही उपमा फिरवून पाहावीशी वाटते.

फुकोचा जन्म पॅरिसचा, १८ सप्टेंबर १८१९ चा. प्रकृती तोळामासा; शिक्षण बरेचसे घरीच झाले. डॉक्टर व्हायला निघाला, पण रक्त पाहवेना. तो नाद सुटला. मग सूक्ष्मदर्शकाच्या कामात मदतनीस झाला, नव्यानेच निघालेल्या छायाचित्रणात रमला, वृत्तपत्रात विज्ञानावर लिहू लागला. जगाने त्यालाच धरसोड्या म्हटले असते, तर नवल नव्हते! पण निसर्गाचे वागणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, ही ओढ कधी सुटली नाही.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे तोवर शिकल्यासवरल्या लोकांनी मान्य केले होते. पण ते चार भिंतींच्या आत दिसावे कसे? जानेवारी १८५१ मध्ये फुकोने घराच्या तळघरात दोन मीटरच्या तारेला पाच किलोंचा गोळा टांगून झोका दिला. हळूहळू झोक्याची दिशा सरकू लागली. गोळ्याला बाजूने कुणी ढकलले नव्हते. वळत होती ती खालची जमीन!

मार्चअखेर पॅरिसच्या पाँतेआँ या भव्य वास्तूत ६७ मीटरच्या तारेला २८ किलोंचा गोळा टांगला गेला. पाहायला लोकांची रीघ लागली. ध्रुवावर दिशेची पूर्ण फेरी सुमारे २४ तासांत होते, पॅरिसमध्ये तिला सुमारे ३२ तास लागतात. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतही असा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर हीच फेरी सुमारे ७५ तासांची.

एवढा प्रयोग केला, तेव्हा फुकोजवळ विज्ञानातली डॉक्टरेट नव्हती. ती १८५३ मध्ये मिळाली. १८५२ मध्ये त्याने जायरोस्कोप बनवला, १८६२ मध्ये प्रकाशाचा वेग बऱ्याच अचूकपणे मोजला. फ्रेंच विज्ञान अकादमीने मात्र त्याला सभासद करून घेतले ते १८६५ मध्ये. पुढे तीनच वर्षांनी, ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला.

घरातल्या एखाद्या मुलाने एक शिक्षण सोडून दुसरे धरले, की आपण कपाळाला हात लावतो. त्याला लंबक म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. त्याच्या मनाची दिशा कदाचित एकच असेल. वळत असेल ती भोवतालची जमीन.