चालता चालता घडलेले विनोबा

डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितले, तेव्हापासून मी संध्याकाळी सेक्टर १७ च्या प्लाझात फेऱ्या मारतो. तेथे वाहने नसल्याने चालणे सोपे. पण घड्याळाकडे बघत चालण्याचा लवकरच कंटाळा आला. त्याच सुमारास विनोबा भावे यांचे चरित्र वाचनात आले.

रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा प्रकृतीने नाजूक. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी वर्षभराची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययन करायचे आणि प्रकृतीही सुधारायची, असे दोन हेतू होते. ते रोज चालू लागले, जात्यावर दळू लागले. मग सुमारे ४०० मैलांची पदयात्रा केली. वाटेत किल्ले पाहिले, गीतेवर प्रवचने दिली. शरीर, अभ्यास आणि लोकसंपर्क, तिन्ही एकाच वाटेवर साधले.

हीच सवय पुढे देशाच्या कामी आली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदान सुरू झाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे १३ वर्षे ते गावोगाव चालत राहिले. १९५९ साली आपल्या पंजाबातून पायी काश्मीरला गेले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला.

आता मी फेऱ्या मोजत नाही. गीताईतील एखादा श्लोक मनात घोळवत चालतो. वजन फारसे घटलेले नाही, पण चिडचिड कमी झाली, असे घरची मंडळी म्हणतात. आरतीला भेटूच, जमल्यास पायीच या!