पुन्हा एकदा मोजा: भास्कराचार्य

दोहात राहता ना? मग उन्हाळा सरताना पहाटे उगवणारा सुहैल तारा तुम्हांला माहीत असेल. मराठीत तो अगस्त्य. कतारच्या उपग्रहांनाही त्याचंच नाव आहे.

उपग्रह आणि यानं यांची वाट आधी गणिताने ठरवतात. त्यातली एक युक्ती भास्कराचार्य जवळजवळ ९०० वर्षांपूर्वी वापरत होते.

त्यांचा जन्म १११४ सालचा. वडील महेश्वर हेच गुरू. ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. 'लीलावती' त्यातलाच भाग.

सूर्यग्रहणाची वेळ काढताना एक पेच येतो. आपल्या गावातून चंद्र किती सरकलेला दिसेल, ते आधी हवं. पण ते वेळेवरच ठरतं! मग काय करायचं? अंदाजाने वेळ धरायची आणि गणित करायचं. आलेली वेळ घेऊन पुन्हा करायचं. उत्तर बदलायचं थांबलं, की झालं! या जुन्या रीतीला असकृत्कर्म म्हणतात.

आता बघा. काही यानांचं इंजिन अगदी हळू, पण महिनोन्‌महिने ढकलतं. कमी इंधनात पोचायचं, तर कधी, कुठे ढकलायचं? ते यान कुठे आहे यावर ठरतं. आणि यान कुठे असेल, ते ढकलण्यावर. पुन्हा तोच पेच! संगणकही आधी अंदाज धरतो, मग तो सुधारत जातो.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने जळगाव जिल्ह्यातल्या पाटण इथे मठ काढला. तिथे १२०७ चा शिलालेख आहे.

तेव्हा पहिलं उत्तर चुकलं, तर वही मिटू नका हं.